सात रात्री, बंदर एकही नाही: लांबच्या क्रूझवर समुद्रातले दिवस कसे काढायचे

लांबच्या क्रूझचं तिकीट काढलं असं सांगितलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "एवढे दिवस पाण्यात करणार काय?" प्रश्न रास्त आहे. बोट बंदराला लागली की लोक गाव बघायला उतरतात आणि दिवस आपोआप जातो. पण ज्या दिवशी बोट कुठंच थांबत नाही, उजाडल्यापासून मावळेपर्यंत चारी बाजूंना नुसतं पाणी, त्या दिवसाचं काय करायचं हे तिकीट विकणारा सांगत नाही. क्रूझवाले अशा दिवसाला 'सी-डे' म्हणतात.

मुंबईहून निघणाऱ्या दोन-चार रात्रींच्या सफरीत असा एखादा दिवस येतो आणि तो बोट बघण्यातच संपतो. कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांना जाणाऱ्या क्रूझवर मात्र जाताना चार-पाच दिवस समुद्र आणि येताना पुन्हा तेवढाच. आणि इंग्लंडमधल्या साउदम्पटनहून 'क्वीन मेरी २'ने थेट न्यूयॉर्क गाठायचं ठरवलंत तर सात रात्रींत बंदर एकही नाही. सी-डे म्हणजे काय ते शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही, म्हणून पुढचं सगळं याच प्रवासाला धरून सांगतो. बाकीच्या बोटींना थोड्याफार फरकाने तेच लागू पडतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बोटीला तुमचा दिवस भरायची घाई असते, तुम्हाला नसावी. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत तीस-चाळीस गोष्टी असतात आणि नवखा माणूस पहिल्या दोन दिवसांत त्या सगळ्यांच्या मागे पळून दमतो. तिसऱ्या दिवशी त्याला कंटाळा येतो, चौथ्या दिवशी तो दुकानात घड्याळं बघत उभा असतो. दिवसाला तीन खुंट्या ठोका, म्हणजे तीनच गोष्टी ठरवून ठेवा: एक सकाळची, एक दुपारची, एक संध्याकाळची. मधला वेळ मोकळा राहू द्या.

तिकीट काढतानाच

केबिन निवडताना बाल्कनीपेक्षा जागा महत्त्वाची. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर हालचाल सगळ्यात कमी जाणवते. अगदी पुढच्या किंवा मागच्या टोकाची वरच्या मजल्यावरची केबिन लाट आली की वरखाली होते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी मधली, खालची केबिन घ्यावी, भले खिडकी लहान मिळो. आठव्या डेकवरच्या काही बाल्कन्यांसमोर जीवनरक्षक होड्या टांगलेल्या असतात. त्या स्वस्त का आहेत हे नकाशा न पाहता घेणाऱ्याला पोचल्यावर कळतं.

उन्हाची बाजूही बघून ठेवा. पश्चिमेकडे, म्हणजे न्यूयॉर्ककडे जाताना दक्षिण डाव्या हाताला येते, त्यामुळे ऊन डाव्या बाजूच्या बाल्कनीत. परतीच्या दिशेला ते उलटं. उत्तर अटलांटिकमध्ये हे ऊन मोलाचं असतं, कारण जूनमध्येसुद्धा डेकवर स्वेटर लागतो.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा, दोन्ही व्हिसा हातात हवेत. प्रवासविमा घेताना त्यात क्रूझ धरलेली आहे का आणि आजारी माणसाला बोटीवरून हलवायचा खर्च त्यात येतो का, हे एजंटकडून लेखी घ्या. बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना चांगला असतो, पण बिल डॉलरमध्ये येतं.

शाकाहारी असाल तर तिकिटाच्या वेळीच 'इंडियन व्हेजिटेरियन' अशी नोंद करून घ्या. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर अंडं आलंच समजा.

बॅगेत काय आणि काय नाही

चहाची इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, जुनं एक्स्टेंशन बोर्ड: यातलं काहीही नेऊ नका. बोटीला सगळ्यात जास्त भीती आगीची असते. सामान यंत्रातून जातं तेव्हा या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. 'क्वीन मेरी २'वर केबिनमध्ये किटली दिलेली असते. बऱ्याच अमेरिकन बोटींवर नसते, तिथे गरम पाणी बुफेवरून आणावं लागतं. इन्स्टंट चहाची पाकिटं किंवा चहाचा मसाला मात्र बरोबर ठेवा. बोटीवरचा दुपारचा चहा कितीही थाटाचा असला तरी सकाळी सहाला हवा असतो तो आपलाच.

कोरडा खाऊ कंपनीच्या बंद पाकिटातला न्यावा. घरून डब्यात भरलेलं शिजवलेलं अन्न बहुतेक बोटी आत येऊ देत नाहीत. आलेपाक भरपूर घ्या, कारण पुढे सांगतो. मेतकूट नेलंत तर बुफेवरचा पांढरा भात एकदम घरचा होतो.

केबिनच्या भिंती पोलादी असतात. चार-पाच चुंबकाचे हूक नेले की ओलं जाकीट, टोपी, कार्यक्रमपत्रिका, सगळं भिंतीला लागतं आणि छोट्या खोलीत निम्मी जागा सुटते. एक साधं हातातलं घड्याळही हवं. पत्त्यांचा जोड, एक मराठी पुस्तक आणि कानावर येणारी टोपी घेतली की मनोरंजनाचं सामान पूर्ण झालं. वारा अडवणारं जाकीट नसेल तर साउदम्पटनला विकत घ्या, पण त्याशिवाय चढू नका.

चढल्याच्या दिवशी

सगळे लोक दुपारी थेट बुफेकडे धावतात. तुम्ही आधी मुख्य उपाहारगृहात जा आणि संध्याकाळचं टेबल कुठलं ते बघून घ्या. जेवणाच्या पाळ्या दोन, लवकरची आणि उशिराची. मोठ्या टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसायचं की दोघांचं टेबल हवं, हे बदलून घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मोठं टेबल घ्यावं. सात संध्याकाळी दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं, हा प्रश्न चौथ्या रात्री सुखी संसारातही पडतो.

आपत्कालीन कवायत सक्तीची असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही ती खूण. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाली तेव्हा नुकत्याच चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यायची असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. तेव्हा गुपचूप जा आणि आपली जमायची जागा पायाने चालून एकदा बघून ठेवा.

फोन विमान मोडवर टाका आणि उतरेपर्यंत तसाच ठेवा. बोटीचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं आणि फोन त्याला आपणहून चिकटतो. तुमच्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही आणि महिनाअखेरीला बिल बघून माणूस खाली बसतो. व्हॉट्सअ‍ॅप हवंच असेल तर बोटीचं वायफाय वेगळं विकत घ्या. एकाच फोनपुरतं घेतलं आणि दोघांनी आळीपाळीने वापरलं तरी घरच्यांची ख्यालीखुशाली कळते.

ज्येष्ठांना बरोबर नेत असाल तर आणखी दोन गोष्टी त्यांना हात लावून दाखवा. एक, केबिनमधल्या न्हाणीघराचा उंबरा. तो चांगला उंच असतो आणि रात्री झोपेत उठलेल्या माणसाला हमखास ठेच लागते. दुसरी, डेकवर उघडणारे जड दरवाजे. वाऱ्याने ते असे आपटतात की चौकटीवर बोटं असतील तर काही खरं नाही. दरवाजा मुठीने धरायचा, चौकटीला हात लावायचा नाही.

बोट लागली तर

'क्वीन मेरी २' मूळची अटलांटिक ओलांडण्यासाठीच बांधलेली आहे. २००४ साली ती सुरू झाली. लांबी ३४५ मीटर, पुढचं नाक लांब आणि निमुळतं, बुड खोल, आणि पोटाला दोन्ही बाजूंनी बाहेर येणारे चार पंख, जे डोलणं कमी करतात. बंदरा-बंदराने हिंडणाऱ्या क्रूझच्या बोटींपेक्षा ती लाटेत शांत राहते. पण अटलांटिक तो अटलांटिक. खवळायची चिन्हं दिसली की बोट स्वतःच सांगते: जिन्यांच्या कठड्यांत आणि लिफ्टपाशी कागदी पिशव्या खोचलेल्या दिसू लागतात, तलावाचं पाणी कमी करून त्यावर जाळी ओढतात.

गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर ती पोटात टिकत नाही. कुठली गोळी, हे डॉक्टरांना घरीच विचारून ठेवा, कारण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांनी झोप येते आणि काही औषधांबरोबर त्या चालत नाहीत. रक्तदाब, प्रोस्टेट, काचबिंदू यांपैकी काही असेल तर नक्की विचारा. बाकी उपाय जुनेच. उपाशी राहू नका, कोरडं थोडं थोडं खा, आलेपाकाची वडी गालात धरा, हिरवं सफरचंद मागा. बोटीवरचे लोकसुद्धा हेच सांगतात. केबिनमध्ये अंधार करून पडण्यापेक्षा मधल्या मजल्यावर, क्षितिज दिसेल अशा खिडकीशी बसा. आणि फोन वाचू नका. बहुतेकांना एक दिवस त्रास होतो आणि दुसऱ्या सकाळी भूक लागते.

उलट्या-जुलाब समुद्रामुळे नसून पोटाच्या संसर्गाचे वाटत असतील तर लपवू नका, फोनवरून दवाखान्याला कळवा. बोटीवर नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. दारात उभी असलेली माणसं हातावर जंतुनाशक फवारतात, पण त्या विषाणूवर साबण आणि पाणी जास्त चालतं. बुफेच्या आधी हात धुवायचे, ही आईची शिस्त इथे कामाला येते.

पंचवीस तासांचा दिवस

पश्चिमेकडे जाताना सात रात्रींपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं. एक तास जास्त झोप मिळते असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पहाटे तीनला टक्क जाग येते. तेव्हा अंथरुणात तळमळू नका. स्वेटर चढवा, सातव्या डेकवरच्या बुफेपाशी जा. पहाटेची कॉफी लवकर सुरू होते आणि त्या वेळी तिथे असतात ते सगळे तुमच्यासारखेच जागे झालेले असतात. बोटीवरच्या निम्म्या ओळखी मला तिथेच झालेल्या दिसतात.

घड्याळ बदलायची सूचना आदल्या संध्याकाळी मिळते. फोनवर विसंबू नका. विमान मोडवरचा फोन कुठल्याही देशाची वेळ दाखवत बसतो आणि तुम्ही नाश्त्याला तासभर आधी पोचता. म्हणूनच ते हातातलं घड्याळ. ठराविक तासांनी घ्यायच्या औषधांचं, विशेषतः इन्सुलिनचं, वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

न्यूयॉर्कहून इंग्लंडकडे येताना हेच उलट होतं आणि ते जरा विचित्र असतं. झोपेतला तास जाऊ नये म्हणून घड्याळ भर दुपारी पुढे करतात, बाराचा एकदम एक. अर्धं जेवण होत नाही तोवर चहाची वेळ येते. त्या दिशेने जाताना दुपारच्या खुंटीवर काही ठेवू नका.

घरी फोन करायचं गणितही रोज बदलतं. उन्हाळ्यात निघाल्या दिवशी बोटीवर दुपारचे बारा म्हणजे पुण्यात साडेचार, न्यूयॉर्क येईपर्यंत तेच बारा म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ. आईला रोज "बाराला करतो" असं सांगून ठेवलंत तर शेवटच्या दिवशी ती पेंगत बसलेली असेल.

दिवसाची घडी

सकाळची खुंटी म्हणून मी चालणंच सुचवेन. सातव्या डेकवर बोटीला पूर्ण वळसा घालणारा लाकडी रस्ता आहे. तीन फेऱ्या मारल्या की १.१ मैल, म्हणजे साधारण पावणेदोन किलोमीटर होतात. बोट स्वतः ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास धावत असते, वर समोरून वारा असेल तर दोघांची बेरीज तुमच्या छातीवर येते. एका बाजूने जाताना पुढे वाकून पाय टाकावे लागतात, दुसऱ्या बाजूने परतताना कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. कठड्याला हात लावाल तर तो चिकट लागेल, मिठाचा थर असतो तो. दहा मिनिटांत चष्म्यावरही तोच बसतो आणि कोरड्या रुमालाने पुसला की काचेवर ओरखडे येतात, आधी गोड्या पाण्याने धुवायचा. वारा फारच वाढला तर डेक बंद करतात. त्या दिवशी आतल्या लांब पॅसेजमधून चालावं, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलं तरी बरीच पावलं होतात.

समुद्रात दिसतं काय? खरं सांगायचं तर बराच वेळ काही नाही. डॉल्फिन आणि देवमासे दिसायची शक्यता दोन्ही टोकांना, जिथे समुद्र उथळ आहे तिथे जास्त. मधल्या दिवसांत बोटीच्या बाजूने पंख न हलवता तरंगत जाणारे करडे समुद्रपक्षी दिसतात. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सचा पट्टा लागतो. तिथे लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा कोमट प्रवाह भेटतात, त्यामुळे उन्हाळ्यात दाट धुकं पडतं. धुक्यात भोंगा वाजतो, नियमाप्रमाणे दोन मिनिटांपेक्षा जास्त खंड न पडू देता. डेकवर त्याच्याखाली उभे असाल तर काळीज हलतं, हे आधी माहीत असलेलं बरं. याच भागात कुठेतरी, सुमारे ३,८०० मीटर खोल, 'टायटॅनिक' आहे. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे ती बुडाली. बोटीचा मार्ग जवळून जात असेल तर कप्तान सांगतो आणि मग सगळी बोट कठड्याशी येऊन पाण्याकडे बघते, जणू काही दिसणार आहे.

कप्तानाचं बोलणं रोज दुपारी बाराला. आधी भोंगा, मग बोट कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहे, वेग किती, खाली पाणी किती खोल, उद्या हवा कशी. ही पाच मिनिटं चुकवू नका. सी-डेला दिवस एकमेकांत मिसळतात, आज मंगळवार की बुधवार तेही कळत नाही. काही बोटी तर लिफ्टमधल्या पायपुसण्यावरच वार छापतात आणि रोज मध्यरात्री ते बदलतात. बाराची घोषणा ऐकली की आपण पुढे सरकतोय हे पटतं. केबिनमधल्या टीव्हीवर नकाशाही असतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना वहीत रोज तो बिंदू काढायला सांगा, निदान अर्धा तास शांतता.

दुपारची खुंटी एकच असावी. भाषण असेल तर भाषण, नाहीतर तारांगण. हो, या बोटीवर खरंखुरं तारांगण आहे, समुद्रावरचं पहिलं. घुमटाखालच्या खुर्च्या मोजक्या, तेव्हा लवकर जा. नाहीतर आठव्या डेकच्या पुढच्या टोकाचं ग्रंथालय, सुमारे दहा हजार पुस्तकांचं, खिडकीशी आरामखुर्च्या. त्या खुर्च्या सकाळी नऊला भरतात. दुपारी जेवणाच्या वेळेत गेलात तर मिळतात.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला मात्र एकदा तरी जाच. सहा-सहा जणांचे गट असतात आणि एकट्या-दुकट्याला कोणीतरी बोलावून घेतंच. ब्रिटिश टीव्ही मालिकांवरचा प्रश्न आला की आपण शेंगदाणे खायचे, राजधान्या आणि क्रिकेट आलं की मान वर करायची. बक्षीस म्हणजे पेन किंवा पुस्तकातली खूण, पण त्यासाठी निवृत्त न्यायाधीश आणि शल्यविशारद लहान मुलांसारखे भांडतात. बॉलरूम नाचाचे वर्ग फुकट असतात, विणकाम करणाऱ्या बायकांचा घोळका रोज एका ठरलेल्या कोपऱ्यात बसतो आणि तिथे इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, हातातली सुई बोलते. पत्ते खेळायलाही टेबलं आहेत. रमीचा डाव मांडलात तर बघायला लोक जमतात.

जेवणानंतर वामकुक्षी घ्यायची तर दाराला 'त्रास देऊ नका'ची पाटी लावा. केबिन नीट करणारा माणूस नेमका त्याच वेळी येतो. पण चाळीस मिनिटांचा गजर लावूनच झोपा. पहाटे तीनला उठलेला माणूस दुपारी दोन तास झोपला तर त्याचं चक्र न्यूयॉर्कपर्यंत सरळ होत नाही.

साडेतीनचा चहा क्वीन्स रूममध्ये, पांढरे हातमोजे घातलेले वेटर, वाद्यवृंद, चिमुकले सँडविच, स्कोन. एकदा थाट बघायला जावं. रोज गेलात तर रात्रीचं जेवण वाया.

कुत्र्यांचं सांगायचं राहिलं. बाराव्या डेकवर चोवीस पिंजऱ्यांचं श्वानघर आहे आणि कुत्र्यांच्या सोयीसाठी तिथे एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन पाण्याचा बंब उभा केलाय. दोन्ही देशांच्या कुत्र्यांची आबाळ नको! कुत्रं नेता येतं, पण जागा फार आधी संपतात.

जेवणाचं

पहिल्या रात्रीच मुख्य वेटरला गाठा. शाकाहारी पदार्थ मेन्यूवर असतातच, पण ते चीज आणि मशरूमभोवती फिरत राहतात आणि तिसऱ्या दिवशी जीव वरणासाठी कासावीस होतो. दुसऱ्या दिवशी काय हवं ते आदल्या रात्री सांगितलं तर स्वयंपाकघर करून देतं. ब्रिटिश बोटींवर गोव्याच्या तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, परंपरा फार जुनी. आजही मुंबई-गोव्याकडची माणसं वेटर, आचारी, केबिन सांभाळणारे म्हणून भेटतात. आमच्या टेबलाशी वसईचा एक मुलगा होता. पहिल्या रात्री नाव वाचून तो हळूच म्हणाला, "काका, उद्या डाळ-भात सांगू का आत? पण रोज आदल्या रात्री सांगा हां, सकाळी सांगितलं तर शेफ ऐकत नाही." त्यानंतर काकूंसाठी लिंबाची फोड आणि हिरवी मिरची न मागता येत राहिली. अशा मुलांना कामाच्या वेळेत गप्पांत अडकवू नका, त्यांच्या हाताखाली आणखी टेबलं असतात. पण उतरायच्या आधी त्यांचं नाव लिहून कंपनीला चार चांगले शब्द कळवा. त्याचा त्यांना पुढच्या करारात उपयोग होतो.

बुफेवर दुपारी करी असते, बहुतेक वेळा मांसाहारी, शेजारी एखादी भाजी किंवा डाळ. पोळीची आशा ठेवू नका. पदार्थांच्या पाट्या वाचा, शंका आली तर विचारा, आणि तळलेल्या पदार्थांचं तेल वेगळं नसतं हे धरून चाला. जैन जेवण हवं असेल तर तिकिटाच्या वेळी आणि पहिल्या रात्री, दोनदा सांगा.

संध्याकाळ आणि कपडे

सहानंतर बोटीच्या बऱ्याच भागांत नीटनेटका वेश अपेक्षित असतो. सात रात्रींत दोन 'गाला' संध्याकाळी येतात, पुरुषांना गडद सूट किंवा टक्सिडो. बंदगळा चालतो आणि छान दिसतो. साडी नेसलेल्या बाईला तर त्या रात्री जिन्यावर चार जण थांबवून विचारतात. पैठणी नेली असेल तर हीच ती वेळ, मात्र डोलणाऱ्या बोटीवर उंच टाचा नकोत. हा थाट नको असेल तर बुफे आणि पब मोकळे असतात, कोणी हटकत नाही.

याच गाला संध्याकाळी, सगळे नटूनथटून जेवत असताना, धुण्याची खोली रिकामी असते. यंत्रं फुकट आहेत, इस्त्रीही तिथेच. सी-डेच्या सकाळी दहाला मात्र तिथे रांग लागते आणि शिष्टाचार कडक असतात: यंत्र थांबल्यावर पाच मिनिटांत तुम्ही आला नाहीत तर पुढची बाई तुमचे ओले कपडे काढून टेबलावर ढीग घालते आणि तुम्ही आलात की वर बघतसुद्धा नाही.

पैसा कुठे गळतो

बोटीवर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर, डॉलरमध्ये. सी-डे हा दुकानांचा सुगीचा दिवस. करमुक्त दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात, समुद्रात उघडतात. त्यामुळे टेबलं मांडून 'फक्त आज' असे सेल लागतात, स्पामध्ये 'मोफत सल्ला' असतो, चित्रांचे लिलाव असतात. उद्याही तेच सेल असतात. मोफत सल्ल्याच्या शेवटी हातात औषधी क्रीमची यादी येते. कर्मचाऱ्यांची बक्षिसी रोज माणशी आपोआप खात्यात चढते आणि बारच्या बिलावर वेगळी, म्हणून हिशोब दिवसाआड टीव्हीवर किंवा स्वागतकक्षात बघत जा. चूक असेल तर तिसऱ्या दिवशी लगेच दुरुस्त होते. शेवटच्या सकाळी स्वागतकक्षासमोर पन्नास माणसं उभी असतात.

शेवटची रात्र आणि उतरणं

शेवटच्या दिवशी ग्रंथालयाची पुस्तकं परत करा. मोठ्या बॅगा रात्री केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी पासपोर्ट, औषधं, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला हातातल्या पिशवीत काढून घ्या. सगळं बॅगेत भरून पायजम्यावर उरलेला एखादा गृहस्थ प्रत्येक प्रवासात असतोच.

पहाटे साडेचारचा गजर लावा. बोट न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो पुलाखालून जाते तेव्हा फनेल, म्हणजे बोटीचं धुराडं, पुलाला लागणार असं खालून खरंच वाटतं. हा पूल आडवा येतो म्हणूनच बांधतानाच ते बुटकं ठेवलंय. त्यानंतर डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, समोर मॅनहॅटनचे दिवे, आणि बोट ब्रुकलिनच्या रेड हुक धक्क्याला लागते. वरच्या डेकवर गर्दी होते. कानटोपी तेव्हाही लागेलच.

नाश्ता करून निघताना बुफेवरचं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये टाकू नका. अमेरिकेत उतरताना फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ यांवर बारीक नजर असते, कुत्री हुंगत फिरतात आणि न सांगितलेल्या एका फळासाठीही दंड होतो. उरलेला चिवडा, आलेपाक, मसाला जे काही असेल ते विचारल्यावर सरळ सांगा. बंद पाकिटातलं असेल तर बहुधा बघून परत देतात, पण लपवलेलं सापडलं तर तुमच्या मागची सगळी रांग थांबते.